कोलेस्टेरॉलची गोळी: कोणती, किती, आणि चुकतं कुठे

रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर ‘टोटल कोलेस्टेरॉल’ या पहिल्याच ओळीवर अडकते. औषध ठरवताना त्या आकड्याला फारसं महत्त्व नाही. बघायचा तो एलडीएल (धमन्यांत साचणारं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल), आणि त्याच्या जोडीला नॉन-एचडीएल (एचडीएल हे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल सोडून बाकीचं सगळं). हा दुसरा आकडा रिपोर्टमध्ये छापलेला नसला तरी सहज काढता येतो: टोटलमधून एचडीएल वजा करा. ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसऱ्या जातीची चरबी) वाढलेले असतील तर नॉन-एचडीएलवर जास्त विसंबावं, कारण बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशोबाने काढतात (टोटल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग). ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेले की हा हिशोब कोलमडतो. अशा वेळी उपाशीपोटी पुन्हा तपासणी करावी, किंवा एलडीएल थेट मोजून घ्यावं.

इथले कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये आहेत. तुमचा रिपोर्ट मिलिमोलमध्ये असेल तर कोलेस्टेरॉलच्या आकड्याला ३८.७ ने गुणा.

आधी लक्ष्य, मग औषध

‘नॉर्मल’ एलडीएल सगळ्यांसाठी एकच नसतं. हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलाय, स्टेंट टाकलाय, बायपास झालीय, अशांसाठी युरोपियन हृदयरोग संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचना ५५च्या खाली जायला सांगतात, आणि तेही मूळ आकड्यापेक्षा निदान ५० टक्के घट करून. जोखीम जास्त पण अजून काही घडलेलं नाही, तर ७०च्या खाली. मध्यम जोखमीला १००. एलडीएल मुळातच १९०च्या वर असेल तर बाकी जोखमीचा हिशोब करत बसायची गरज नाही, औषध लागतंच. अशा घरात आनुवंशिक दोषाची शक्यता असते, म्हणून भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्यावी.

एकच रिपोर्ट दोघांच्या हातात असला तरी एकाला ‘चालेल’ आणि दुसऱ्याला ‘दोन गोळ्या लागतील’ असं डॉक्टर का सांगतात, त्याचं उत्तर इथे आहे. शेजाऱ्याच्या गोळीशी स्वतःच्या गोळीची तुलना करण्यात अर्थ नाही.

गोळी सुरू करण्यापूर्वी तीन-चार तपासण्या हाताशी हव्यात. यकृतासाठी एएलटी, साखरेसाठी एचबीए१सी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, आणि थायरॉइडसाठी टीएसएच. शेवटची तपासणी हमखास राहून जाते. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल त्यामुळेच वाढलेलं असू शकतं, आणि त्या अवस्थेत स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांचा मुख्य गट) दिलं तर स्नायू दुखण्याचा धोकाही वाढतो. आधी थायरॉइड ताळ्यावर आणलं तर कधीकधी स्टॅटिनची गरजच उरत नाही. लायपोप्रोटीन (ए) या एलडीएलसारख्याच, आनुवंशिकतेने ठरणाऱ्या कणाची तपासणी आयुष्यात एकदा केली तरी पुरते. ती वाढलेली निघाली तर एलडीएलचं लक्ष्य अधिक कडक ठेवावं लागतं.

स्टॅटिन: पहिली गोळी हीच

यकृत स्वतः कोलेस्टेरॉल बनवतं. त्यासाठी लागणारं एक एन्झाइम स्टॅटिन अडवतं. आत टंचाई झाली की यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवतात आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतात. खरी घट होते ती या ओढण्यामुळे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७०च्या दशकात एका बुरशीतून या जातीचं पहिलं रसायन वेगळं केलं. १९८७मध्ये लोव्हास्टॅटिन बाजारात आलं, आणि १९९४च्या स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीत सिम्वास्टॅटिनने मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी झालं. तेव्हापासून हे औषध पहिल्या जागेवरून हललेलं नाही.

ताकदीनुसार दोन गट लक्षात ठेवले तरी पुरे. ॲटोर्वास्टॅटिन ४० ते ८० मिलिग्रॅम किंवा रोसुवास्टॅटिन २० ते ४० मिलिग्रॅम हा जोरदार गट, एलडीएल निम्मं किंवा त्याहून कमी करणारा. ॲटोर्वास्टॅटिन १०–२०, रोसुवास्टॅटिन ५–१०, सिम्वास्टॅटिन २०–४०, प्रॅव्हास्टॅटिन ४०–८०, पिटाव्हास्टॅटिन १–४ हा मधला गट. यात ३० ते ४९ टक्के घट होते.

आता एक गोष्ट, जी कळली की पुढचं सगळं सोपं होतं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर फायदा दुप्पट होत नाही, मूळ आकड्यावर जेमतेम ६ टक्के जास्तीची घट मिळते. समजा एलडीएल १६० आहे आणि ७०च्या खाली जायचंय. ॲटोर्वास्टॅटिन २० मिलिग्रॅमने ते साधारण ९१वर येईल. ४० केलं तर ८२च्या आसपास. पण २०च ठेवून शेजारी एझेटिमाइब (दुसऱ्या जातीचं औषध, पुढे येतंच) १० मिलिग्रॅम जोडलं तर ७१च्या घरात येतं. स्टॅटिन ४० आणि एझेटिमाइब असं दोन्ही घेतलं तर ६५च्या जवळ. हे आकडे सरासरीचे. तुमच्या शरीराचा प्रतिसाद इकडेतिकडे होणारच. पण लक्ष्य लांब असेल तर नुसता डोस चढवत राहण्यापेक्षा दुसरं औषध लवकर जोडणं शहाणपणाचं, हे या गणितातून दिसतं.

वेळेचं म्हणाल तर ॲटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन आणि पिटाव्हास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतात. सकाळी घ्या, रात्री घ्या, फरक नाही. जी वेळ चुकणार नाही ती धरा. सिम्वास्टॅटिन मात्र रात्री, आणि साधं लोव्हास्टॅटिन रात्रीच्या जेवणासोबत. यांचा अंमल लवकर ओसरतो आणि यकृताची कोलेस्टेरॉल-निर्मिती रात्री जोरात असते. एखादी गोळी चुकली तर आठवल्यावर घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत.

रोसुवास्टॅटिनबद्दल दोन सूचना. आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात याचं प्रमाण युरोपीय वंशाच्या लोकांच्या मानाने दुपटीच्या आसपास जातं, म्हणून सुरुवात ५ मिलिग्रॅमने करायची असते. मूत्रपिंडाचं काम फारच मंदावलेलं असेल, म्हणजे क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचा अंदाज, मिनिटाला मिलिलीटरमध्ये) ३०च्या खाली, तर सुरुवात ५ने आणि कमाल १०. ॲटोर्वास्टॅटिनला मूत्रपिंडासाठी डोस बदलावा लागत नाही. ॲसिडिटीचं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं औषध रोसुवास्टॅटिननंतर निदान दोन तासांनी घ्यावं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

पुन्हा तपासणी ४ ते १२ आठवड्यांनी. त्याआधी केलेली तपासणी अर्धवट चित्र दाखवते, आणि सहा महिने थांबलात तर कमी पडणारा डोस उगाच चालू राहतो. लक्ष्य गाठलं की मग ३ ते १२ महिन्यांनी एकदा.

पाय दुखतात, गोळी सोडू का?

सर्वाधिक गोळ्या इथे सुटतात, म्हणून जरा सविस्तर.

स्टॅटिनमुळे होणारं स्नायूंचं दुखणं सहसा दोन्ही बाजूंना सारखं असतं: मांड्या, नितंब, पोटऱ्या, खांदे. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत उमटतं. एकाच गुडघ्यात कळ, बोटांच्या सांध्यांना सूज, पायाला मुंग्या, यांचं कारण बहुधा दुसरीकडे असतं.

लंडनमध्ये झालेली सॅमसन नावाची चाचणी (२०२०) इथे सांगण्यासारखी आहे. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभरात काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब तशीच दिसणारी पोकळ (औषध नसलेली) गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. हातात कोणती गोळी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्यातला ९० टक्के पोकळ गोळीनेही झाला. त्रास खोटा नव्हता, माणसांना खरंच दुखत होतं. कारण मात्र बहुतांशी रसायन नव्हतं. हे कळल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

तरीही खरा स्नायूत्रास असतोच. तो शोधायची रीत अशी:

१. दुखणं सुरू झालं की सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ही रक्ततपासणी करा. आदल्या एक-दोन दिवसांत जोरकस व्यायाम किंवा अंगमेहनत केली असेल तर हा आकडा त्यामुळेच चढतो, म्हणून दोन-तीन दिवस विश्रांती घेऊन रक्त द्या. सोबत टीएसएच बघा.

२. सीके वरच्या मर्यादेच्या दहापटीहून जास्त असेल तर गोळी ताबडतोब बंद. लघवी चहासारखी काळपट झाली, स्नायूंत इतका अशक्तपणा आला की खुर्चीवरून उठवत नाही, तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा. स्नायू विरघळून मूत्रपिंड बंद पडण्याचा हा दुर्मीळ पण गंभीर प्रकार असू शकतो.

३. सीके ठीक आहे पण दुखणं सोसवत नाही, तर डॉक्टरांशी बोलून दोन ते चार आठवडे गोळी थांबवा. दुखणं तसंच राहिलं तर गोळी निर्दोष. थांबलं तर तीच गोळी कमी डोसात पुन्हा सुरू करून बघा.

४. परत दुखलं तर स्टॅटिन बदला. एकाने त्रास झाला म्हणजे सगळ्यांनी होईल असं नाही. निदान दोन वेगळी स्टॅटिन, त्यातलं एक अगदी लहान डोसात, वापरून बघितल्याशिवाय ‘मला स्टॅटिन चालत नाही’ हा शिक्का मारून घेऊ नका. एकदा फाइलमध्ये लिहिलं गेलं की तो पुसणं कठीण जातं.

५. तरी जमत नसेल तर रोसुवास्टॅटिन किंवा ॲटोर्वास्टॅटिन एक दिवसाआड. ही दोन्ही शरीरात टिकतात म्हणून हा उपाय चालतो. सिम्वास्टॅटिनने चालणार नाही.

गोळी बंद करूनही अशक्तपणा वाढतच राहिला तर मात्र वेगळाच, प्रतिकारशक्तीशी निगडित विकार शोधावा लागतो. तिथे घरगुती प्रयोग नकोत.

यकृताबद्दलची भीती प्रत्यक्षापेक्षा मोठी आहे. एएलटी थोडं वाढणं नेहमीचं, आणि ते बहुधा आपोआप खाली येतं. नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीवर गेलं आणि दुसऱ्या तपासणीतही तिथेच राहिलं तर थांबून कारण शोधायचं. फॅटी लिव्हर आहे म्हणून स्टॅटिन नाकारण्याचं कारण नाही. साखर किंचित वाढते हे खरं. मधुमेहाच्या काठावर असलेल्यांना तो काठ थोडा आधी ओलांडायला लागू शकतो. पण जोखीम असलेल्या माणसात हृदयाचा फायदा त्याहून बराच मोठा असतो, म्हणून गोळी चालू ठेवून साखरेवर लक्ष ठेवतात.

सोबतची औषधं: इथे खरा धोका

गंभीर स्नायूत्रासाच्या घटनांत बऱ्याचदा शेजारी दुसरं औषध सापडतं. सिम्वास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन आणि काही अंशी ॲटोर्वास्टॅटिन यकृतातल्या एकाच वाटेने बाहेर पडतात. ती वाट दुसऱ्या औषधाने अडवली की रक्तात स्टॅटिन साचत जातं. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविकं, इट्राकोनॅझोल आणि किटोकोनॅझोल ही बुरशीवरची औषधं या यादीत सर्वांत वर. आठवडाभराचा कोर्स असेल तर तेवढे दिवस सिम्वास्टॅटिन बंद ठेवणं हा सरळ मार्ग आहे, आठ दिवसांनी काही बिघडत नाही. ॲझिथ्रोमायसिनचा असा जोरदार अडथळा नसतो.

ब्लडप्रेशरसाठी ॲम्लोडिपिन चालू असेल तर सिम्वास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर नको. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल असेल तर १०च्या वर नको. ॲम्लोडिपिन इतकं सर्रास दिलं जातं की ही जोडी प्रिस्क्रिप्शनवर नकळत येऊन बसते. अशा वेळी रोसुवास्टॅटिनवर गेलेलं बरं. सिम्वास्टॅटिन ८० मिलिग्रॅम तर नव्या माणसाला देऊच नये, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११मध्येच सांगितलं आहे. प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन, एचआयव्हीवरची काही औषधं, गाउटसाठीचं (यूरिक ॲसिडमुळे होणारा सांध्यांचा आजार) कोल्चिसिन, यांतलं काहीही चालू असेल तर आधी सांगा. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन घेत असाल तर स्टॅटिन सुरू करताना आणि डोस बदलताना आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) तपासा. ग्रेपफ्रूटचा रस सिम्वास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिनसोबत टाळावा.

‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड यीस्ट राइसच्या कॅप्सूलमध्ये मोनाकोलिन के असतं. रासायनिकदृष्ट्या ते लोव्हास्टॅटिनच आहे, फक्त कॅप्सूलमध्ये किती भरलंय याचा भरवसा नाही. स्टॅटिनसोबत ती घेणं म्हणजे मोजमाप नसलेलं दुसरं स्टॅटिन घेणं.

स्टॅटिन पुरेसं पडत नाही तेव्हा

एझेटिमाइब, रोज १० मिलिग्रॅम, कोणत्याही वेळी, जेवणाआधी किंवा नंतर. हे आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाण्याची वाट अडवतं. एकटं घेतलं तर १५ ते २० टक्के, स्टॅटिनसोबत उरलेल्या एलडीएलवर आणखी २० ते २५ टक्के. दुष्परिणाम अगदी कमी. हार्ट अटॅकसारखा प्रसंग नुकताच होऊन गेलेल्या १८ हजारांवर रुग्णांवरच्या चाचणीत (२०१५) स्टॅटिनला याची जोड दिल्यावर पुढचे प्रसंग कमी झाले, म्हणून दुसऱ्या क्रमांकावर हेच. दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात. गोळ्यांची संख्या वाढली की चुकण्याचं प्रमाणही वाढतं, तेव्हा डोस पक्का झाल्यावर एकत्र गोळी बरी. डोस अजून बदलत असेल तर वेगळ्या ठेवा.

बेम्पेडोइक ॲसिड, रोज १८० मिलिग्रॅम. हे स्टॅटिनच्याच साखळीत, पण एक पायरी आधी काम करतं. महत्त्वाचं म्हणजे ते यकृतातच जागं होतं, स्नायूंत नाही. त्यामुळे स्नायूत्रासामुळे स्टॅटिन खरोखरच न चालणाऱ्यांना याचा उपयोग. एकट्याने २० टक्क्यांच्या आसपास घट. स्टॅटिन न सोसणाऱ्यांवरच्या २०२३च्या चाचणीत हृदयाचे मोठे प्रसंग १३ टक्क्यांनी कमी झाले. यूरिक ॲसिड वाढतं, म्हणून गाउट असलेल्यांनी जपून. क्वचित स्नायुबंध तुटल्याच्या घटना आहेत. टाच किंवा खांद्याला अचानक कळ आली तर औषध थांबवा. सोबत सिम्वास्टॅटिन असेल तर ते २०च्या आत ठेवा.

इंजेक्शनं

पीसीएसके९ नावाचं प्रथिन यकृताचे एलडीएल-रिसेप्टर नष्ट करतं. ॲलिरोक्युमॅब (७५ किंवा १५० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी) आणि इव्होलोक्युमॅब (१४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी किंवा ४२० महिन्यातून एकदा) त्या प्रथिनालाच पकडतात. घट ६० टक्क्यांच्या घरात, स्टॅटिनवर भर म्हणून. दोन्हींना अमेरिकेत २०१५मध्ये मान्यता मिळाली. ती लागतात कुणाला? आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल असलेल्यांना, आणि कमाल सोसवेल इतकं स्टॅटिन अधिक एझेटिमाइब घेऊनही लक्ष्य दूर राहिलेल्या हृदयरुग्णांना.

इंजेक्शनचं पेन घरी टोचायचं असल्याने हाताळणीतल्या चुका होतात. पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, मूळ खोक्यातच. फ्रीझरमध्ये किंवा बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलं आणि गोठलं तर फेकून द्यायचं. टोचण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास बाहेर काढून ठेवा. थंडगार औषध जास्त झोंबतं. घाई म्हणून गरम पाण्यात धरू नका, हलवू नका. पोट (बेंबीपासून दोन इंच सोडून) किंवा मांडी, दर वेळी जागा बदलून. पेन त्वचेवर काटकोनात घट्ट दाबा, बटण दाबल्यावर खिडकी पूर्ण रंगेपर्यंत जागचं हलवू नका. पंधरा-वीस सेकंद लागतात, आणि पहिला ‘टक’ आवाज आला की उचलल्यामुळे अर्धं औषध बाहेर सांडतं. दोन आठवड्यांचा डोस चुकला आणि सात दिवसांच्या आत आठवलं तर टोचा आणि जुनंच वेळापत्रक चालू ठेवा. त्याहून उशीर झाला तर पुढच्या ठरलेल्या तारखेपर्यंत थांबा.

इन्क्लिसिरान वेगळ्या पद्धतीने, यकृतात ते प्रथिन बनण्याचीच आज्ञा अडवतं. २८४ मिलिग्रॅम, पहिल्या दिवशी, तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी. दवाखान्यातच टोचतात. घट साधारण ५० टक्के. रोजची गोळी ज्यांच्याकडून राहून जाते त्यांना हे वेळापत्रक मानवतं.

ट्रायग्लिसराइडचं औषध वेगळं

फेनोफायब्रेट एलडीएलसाठी नाही. ट्रायग्लिसराइड ५००च्या वर गेले की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, तिथे त्याचं खरं काम. १५०–२५०च्या ट्रायग्लिसराइडसाठी स्टॅटिनला फेनोफायब्रेट जोडून हृदयाला फायदा होतो असं चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही, तरी ही जोडी सर्रास लिहिली जाते. तुमच्या चिठ्ठीवर असेल तर कशासाठी, हे विचारून घ्या. याने क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं. त्याच जातीचं जेमफायब्रोझिल मात्र स्टॅटिनसोबत नकोच.

शुद्ध केलेलं ईपीए (माशाच्या तेलातलं एक ओमेगा-३ आम्ल), म्हणजे आयकोसापेंट इथाइल, २ ग्रॅम दिवसातून दोनदा जेवणासोबत, हा निवडक रुग्णांसाठीचा पर्याय. त्याने हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता वाढू शकते. दुकानातली साधी माशाच्या तेलाची कॅप्सूल त्याची जागा घेत नाही. नायासिनला (बी-३ जीवनसत्त्व) स्टॅटिनसोबत दोन मोठ्या चाचण्यांत काही फायदा दिसला नाही, तो विषय आता संपला. कोलेस्टिरॅमिनसारख्या पित्ताम्ल बांधणाऱ्या पावडरी बद्धकोष्ठ करतात, ट्रायग्लिसराइड वाढवतात आणि बाकीच्या गोळ्याही बांधून ठेवतात. म्हणून इतर औषधं त्यांच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनी.

या पावडरी अजून टिकून आहेत त्या मुख्यतः गरोदरपणामुळे, कारण त्या रक्तात शोषल्याच जात नाहीत. गर्भधारणेचा विचार असेल तर स्टॅटिनबद्दल आधीच बोला. गरोदरपणी बहुतेकींचं ते थांबवतात, आणि अंगावर पाजतानाही देत नाहीत.

आकडा हलत नाही, किंवा हलला आणि परत चढला

डोस वाढवण्यापूर्वी पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजा. तीस दिवसांनी दहा शिल्लक असतील तर औषध कमी पडत नाहीये, पोटात जात नाहीये. मग पाहा: रक्त कधी दिलं? मोठ्या आजारानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे एलडीएल खोटं कमी दिसतं. मधल्या काळात स्टेरॉइड सुरू झालं का? थायरॉइड बिघडलं का? लघवीतून प्रथिन जातंय का? हे सगळं नीट असेल तरच पुढचं औषध.

‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता बंद करू?’ हा प्रश्न दर दुसरा माणूस विचारतो. आकडा नॉर्मल आहे तो गोळीमुळे. बंद केल्यावर काही आठवड्यांत एलडीएल मूळ जागी परत जातं, आणि हार्ट अटॅक होऊन गेलेल्या माणसात हा प्रयोग महागात पडतो. वजन बरंच उतरलंय, मूळ जोखीमच कमी होती, अशा वेळी डोस कमी करण्याचा विचार होऊ शकतो. तो डॉक्टरांसोबत ठरवून, आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा एलडीएल बघून.